१९९६ ची मर्सिडीज ई २२०, लॉकडाउनपासून ताडपत्रीखाली: घ्यावी की सोडावी?

रानडेरोडकर (दादर)

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे डॉक्टरकाका मागच्या वर्षी गेले. त्यांची मर्सिडीज ई २२० (कंपनीचा मॉडेल कोड डब्ल्यू १२४), १९९६ ची, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, पहिला लॉकडाउन लागला तेव्हापासून मागच्या अंगणात उभी आहे. इमारत आता पुनर्विकासाला जाणार, त्यामुळे कंपाउंड रिकामं करायचंय. भंगारवाला काकूंना अठ्ठावीस हजार देतोय. काकू मला म्हणाल्या, "तू शाळेत असल्यापासून ती पुसत आलायस, तूच घे. दीड लाख दे, नाही जमले तर थोडे कमी दे. पण तोडायला नको जायला."

दहावीच्या पहिल्या पेपरला काकांनी मला याच गाडीतून सोडलं होतं. जीव अडकलाय, हे खरं. पण माझ्याकडे सगळं मिळून चार लाख आहेत आणि त्याच्या वर काही निघणार नाही, मुलीचं कॉलेज तोंडावर आलंय.

अवस्था: मीटर १ लाख १२ हजार. सर्व्हिसची सगळी बिलं एका कापडी पिशवीत आहेत, शेवटचं २०१८ चं. चारही टायर बसलेत. आत कुबट वास येतो, डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागतं. रजिस्ट्रेशनची मुदत २०२१ मध्ये संपली. गाडी अजून काकांच्याच नावावर आहे. ओळखीचा एक जण म्हणतोय की नवी बॅटरी टाकून स्टार्टर मारून बघू, चालू झाली तर डोळे झाकून घे. काय करू?

ठाणे_पूर्व

घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. चार लाखांत चांगली वापरलेली छोटी गाडी मिळते, ती रोज सकाळी चालू होईल आणि मुलीला कॉलेजला सोडेल. शिवाय आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ९६ सालचे रबरी पाइप आणि सील त्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. काकांची आठवण ठेवायला गाडी ठेवलीच पाहिजे असं नाही.

बारातेराचा_पाना (पिंपरी)

रानडेरोडकर, सगळ्यात आधी त्या ओळखीच्या माणसाला स्टार्टरपासून लांब ठेवा. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारला तर कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा घासतात आणि टाकीच्या तळाचा गंज, चिकटा सगळा पंपातून पुढे इंजेक्टरपर्यंत जातो. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. सरळ फिरलं तर निम्मी काळजी मिटली. या इंजिनात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे जुना पट्टा तुटण्याची भीती नाही.

पण इंजिन शेवटी बघायचं. ही गाडी घ्यायची की नाही ते पत्रा ठरवतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं पैसे ओतून परत उभं राहतं. आतून खाल्लेली बॉडी चार लाखांत उभी राहत नाही, आणि राहिली तरी तिच्यात घरच्यांना बसवू नये. तुमची गाडी दादरची, पाठीला समुद्र, खाली फरशीची ओल. दाराखालच्या पट्टीवर प्लॅस्टिकची चौकोनी झाकणं आहेत, ती काढा. आत जॅक घालायची जागा असते. चारही ठिकाणी मोठा स्क्रूड्रायव्हर धरून जोर लावून दाबा. टणक लागला तर ठीक, आत गेला तर फोटो काढून इथे टाका. मग बॅटरी उचलून तिच्याखालचा पत्रा बघा. मग डिकीतलं स्टेपनी टायर काढून तो खड्डा. आणि पुढच्या सस्पेन्शनचं डोकं बॉनेटखाली जिथे बॉडीला भिडतं ती जागा. तिथे पापुद्रे सुटत असतील तर काकूंना नमस्कार करून परत फिरा, पुढचं काही बघू नका.

ओल्या कार्पेटचं कारण बहुतेक साधं निघेल. पुढच्या काचेच्या खाली जी खोबण आहे तिथे झाडाची पानं साचतात, पाणी जायच्या नळ्या तुंबतात आणि सगळा पाऊस पायाशी उतरतो. साफ करायला तासभर लागेल. पण कार्पेट उचलून खालचा पत्रा बघितल्याशिवाय हा मुद्दा संपत नाही.

दुसरी मोठी गोष्ट वायरिंग. ९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतल्या मर्सिडीजच्या पेट्रोल इंजिनांच्या हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, आवरण उष्णतेने कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं, हे जगभरच्या मालकांना माहीत आहे. तुमची ९६ ची, सुटलीही असेल. अंदाज करू नका. इंजिनावरची एक वायर प्लॅस्टिकच्या नळीतून थोडी बाहेर ओढा आणि हलकेच वाकवा. लवचिक असेल तर उत्तम. भेगा पडल्या तर आख्खा हार्नेस बदलायचा, टेप गुंडाळून चालवायची नाही. उंदरांनी काय केलंय ते त्याच वेळी दिसेल.

आता खर्च. हे माझ्या गॅरेजचे ढोबळ आकडे आहेत, मुंबईत जास्तच धरा. टायर १९५/६५ आर १५, हे माप सहज मिळतं, चारांचे तीस-बत्तीस हजार. ब्रेकचे कॅलिपर जाम असणारच. सील, पॅड, रबरी होज, लागल्या तर डिस्क, मिळून चाळीसपर्यंत. टाकी उतरवून धुणं, पंप, फिल्टर आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सहन करणारे टाकणं, तीस. ठाणे_पूर्व यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर हा उपाय आहे. रेडिएटर, होज, ऑइलं, बुश, लोअर आर्म, मागच्या सबफ्रेमचे रबर मिळून एक लाख बाजूला काढा. एसीचं मात्र आत्ताच काही ठरवू नका. कूलिंग कॉइल गळत असेल तर आख्खा डॅशबोर्ड उतरतो आणि मजुरीच पार्टच्या वर जाते. पहिलं वर्ष काच खाली करून चालवा. जुने पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, नवे ऑपेरा हाउसला.

म्हणजे पत्रा चांगला असला तरी दोन-सव्वादोन लाख लागणार, आणि ते गाडी देखणी दिसण्याआधी. रंगाला यातला एक पैसा नाही. बरेच लोक उलट करतात, आधी पॉलिश आणि सीट कव्हर, आणि ब्रेकची पाळी येईपर्यंत पैसे संपतात.

तरी मी घेऊ नका म्हणत नाही, मन लावून बघा म्हणतो. या गाड्या १९९५ पासून आमच्या पिंपरीत टेल्कोच्या (नंतरची टाटा मोटर्स) आवारात जोडल्या गेल्या, मर्सिडीजच्या मोटारी भारतात बनायला सुरुवातच इथून झाली. यातली प्रत्येक गोष्ट खोलता येते आणि खोलल्यावर कशी चालते ते दिसतं. सेंट्रल लॉकसुद्धा व्हॅक्यूमच्या नळ्यांवर चालतं. नंतरच्या महागड्या गाड्या अशा दुर्लक्षात पडल्या की स्कॅनर लावूनसुद्धा नेमका दोष हाती लागत नाही. तसली असती तर मी एका ओळीत नको म्हटलं असतं.

एक प्रश्न तुम्ही लिहिलाच नाहीत. इमारत पडल्यावर तुम्ही भाड्याने राहायला जाणार. गाडी ठेवणार कुठे? रस्त्यावर ठेवायची असेल तर घेऊ नका.

फॉर्म_तीस

कागदांचं सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. मालक हयात नसताना थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून काकूंच्या नावावर. मग फॉर्म २५ ने नूतनीकरण, त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते, म्हणजे तोवर ब्रेक आणि दिवे चालू हवेत. मग २९ आणि ३० ने तुमच्या नावावर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. आणि मुदत संपल्यापासून उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० धरा, म्हणजे तुमच्या बाबतीत पंचवीस-तीस हजार नुसते उशिराचे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही आधी लागेल. चेसिस नंबर आरसी बुकाशी आजच जुळवून बघा. काकांची मुलं परदेशात असतील तर त्यांची संमतीपत्रं आत्ताच मागवा, काकू घर बदलून गेल्या की हे लांबत जातं.

रानडेरोडकर (दादर)

सगळ्यांचे आभार. रविवारी माहीमच्या एका मेकॅनिकला घेऊन सगळं बघितलं. इंजिन हाताने फिरलं. पुढच्या सस्पेन्शनच्या जागा स्वच्छ, डिकीचा खड्डा कोरडा. जॅकच्या तीन जागा टणक, मागच्या डाव्या जागेत स्क्रूड्रायव्हर आत गेला. बॅटरीखाली चाळण झालीय. डाव्या पायाखालचा पत्रा वरवर गंजलाय, भोक नाही. एक वायर वाकवली, भेग पडली नाही. चेसिस नंबर जुळला. काकांच्या दोन्ही मुलांनी फोनवर होकार दिलाय, कागद पाठवतायत. जागेचं म्हणाल तर सासऱ्यांच्या तळेगावच्या घराला पत्र्याची बंद शेड आहे, ते ठेवा म्हणाले. बायको म्हणते, चार लाखांच्या वर एक रुपया गेला तर ती स्वतः भंगारवाल्याला फोन करेल. दीड लाख द्यावेत का?

बारातेराचा_पाना (पिंपरी)

मग घ्या. पण दीड लाखाला नको. मागची डावी जागा कापून नवा पत्रा वेल्ड करायचा आणि बॅटरीची बैठक नवी बनवायची, याचे चाळीस-पन्नास हजार वाढले. तुमचे चार लाख आणि वर मी, फॉर्म_तीस यांनी सांगितलेलं सगळं मांडलं तर गाडीला साठ-सत्तर हजार उरतात, आणि थोडी गंगाजळी हातात राहायलाच हवी. घासाघीस करू नका. हा हिशोब कागदावर लिहा, काकूंसमोर बसा आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवा. त्यांना गाडी जगवायचीय, त्या समजून घेतील. आणि त्यांना दीड लाखांची खरोखरच गरज असेल तर तसं विचारा आणि सोडून द्या.

न्यायची ती फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून, दोरी बांधून ओढायची नाही. या गाडीचा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा असतो. तो इतकी वर्षं दाबलेलाच असेल तर आतल्या पट्ट्या ड्रमला चिकटल्या असतील, मागची चाकं फिरणार नाहीत. डॅशखालचा खटका ओढून बघा, नाही सुटला तर चाकं काढून ड्रमवर हातोडीचे हलके ठोके द्या, विंचने ओढायची घाई करू नका. तळेगाव माझ्या गॅरेजपासून लांब नाही. शेडमध्ये लागली की कळवा, मागच्या डाव्या जागेला कुठपर्यंत कापावं लागेल ते मी येऊन खडूने आखून देतो.