अपाची २.० लायब्ररीला सीएलए लावायचा की डीसीओवर भागेल?

कोडकट्टा:
आमची लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड) अपाची २.० या मुक्त परवान्याखाली आहे, मेंटेनर म्हणजे देखभाल करणारे तिघे. पुल रिक्वेस्ट (बाहेरच्याने सुचवलेला कोडबदल) आली की तपासायची आणि मर्ज करायची, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळायची, एवढीच पद्धत. सही वगैरे कुणाची घेतलेली नाही. आता एका कंपनीचे कर्मचारी कामाच्या वेळेत मोठमोठी मॉड्यूल्स पाठवायला लागलेत. शिवाय आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की पुढेमागे पैसे घेऊन बंद (कोड उघड नसलेली) आवृत्ती काढायची झाली तर अडायला नको, म्हणून सीएलए (योगदान देणाऱ्याने कोडचे हक्क प्रकल्पाला देण्याचा करार) आत्ताच लावून टाकू. तीन शंका: आजवर मर्ज झालेल्या कोडचं काय? डीसीओ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असं योगदान देणाऱ्याचं निवेदन) पुरेल का? आणि सीएलए लावायचाच तर काय काय पाहायचं?

परवानेवाला:
आधी जुन्या कोडची काळजी सोडा. अपाची २.० चं पाचवं कलम नेमकं याचसाठी आहे: प्रकल्पात घ्यावं म्हणून कुणी जाणूनबुजून पाठवलेलं योगदान त्याच परवान्याखाली आलं असं धरलं जातं, पाठवणाऱ्याने स्पष्टपणे वेगळं सांगितलं नसेल तर. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या अटींतही हेच आहे: रिपॉझिटरीवर (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यावर) परवाना लावलेला असेल तर तिच्यातलं योगदान त्याच परवान्याखाली. पेटंटचा हक्क तिसऱ्या कलमातून मिळतो. एमआयटी या दुसऱ्या मुक्त परवान्यात पेटंटचा शब्दही नाही, तिथे सीएलएने खरी भर पडते; तुमच्याकडे ती आधीच आहे.

आता तुमच्या सहकाऱ्याचं कारण. बंद आवृत्तीसाठी तुम्हाला सीएलए लागतच नाही! अपाची कोड घेऊन बंद उत्पादन कुणीही काढू शकतं, त्या कंपनीसकट. चौथं कलम पाळायचं: परवान्याची प्रत द्या, कॉपीराइटच्या नोंदी ठेवा, बदललेल्या फायलींत तसं नमूद करा, नोटीस फाइल असेल तर तीही सोबत द्या. सीएलएवाचून खरी अडचण होते ती जीपीएल किंवा एजीपीएल प्रकल्पांची; हे परवाने कॉपीलेफ्ट, म्हणजे बदललेला कोड वाटताना तोच परवाना ठेवायला लावणारे. तिथे दुसऱ्याचा कोड बंद परवान्याने विकायचा तर त्याची वेगळी परवानगी हवीच, म्हणून दुहेरी परवान्यावर (तोच कोड एकदा मुक्त, एकदा पैसे घेऊन) चालणाऱ्या कंपन्या सीएलए मागतात.

अर्धविराम:
डीसीओबद्दल. एससीओ या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर लिनक्सवरून दावा लावला, त्यानंतर २००४ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ही पद्धत आली. हा करार नाही, प्रत्येक कमिटमागचं (नोंदवलेल्या बदलामागचं) निवेदन आहे: हे मी लिहिलंय, किंवा योग्य परवान्याच्या कोडवरून केलंय, किंवा असंच प्रमाणित करून दिलेल्या माणसाकडून आलेलं न बदलता पुढे पाठवतोय, आणि ही नोंद कायम सार्वजनिक राहील हे मला मान्य आहे. यात जादा हक्क कुणालाच मिळत नाहीत.

चुका ठरलेल्या असतात. गिट या बदल नोंदवायच्या साधनात कमिटच्या आज्ञेला लहान ‘एस’ दिला की साइन-ऑफची, म्हणजे डीसीओ मान्य असल्याची नावानिशी ओळ येते. मोठा ‘एस’ दिला तर जीपीजी (डिजिटल किल्लीची) सही होते, जिचा डीसीओशी काही संबंध नाही. गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘फॉरमॅट डॉट साइनऑफ’ चालू करून लोक निश्चिंत होतात, पण ते फक्त पॅच फाइल (बदलांची वेगळी फाइल) बनवताना लागू होतं, साध्या कमिटला नाही. त्यासाठी हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) किंवा अलायस (आज्ञेचं आखूड नाव) ठेवा. तीन कमिट सुटले असतील तर रिबेसला (जुने कमिट पुन्हा लिहिणाऱ्या आज्ञेला) साइनऑफचा पर्याय आणि ‘हेड~३’ (शेवटचे तीन) द्या, मग फोर्स-पुश, म्हणजे जुन्यावर सक्तीने चढवा. ब्राउझरमधून केलेल्या कमिटसाठी रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये सक्तीचा पर्याय आहे, तो चालू करा. स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात गुंडाळून) मर्ज करत असाल तर शेवटच्या संदेशात साइन-ऑफची ओळ उरली का, तेवढं डोळ्यांनी बघा. आणि पुल रिक्वेस्ट अडलीय म्हणून दुसऱ्याच्या नावाची ओळ मेंटेनरने टाकू नये. मग त्या निवेदनाला अर्थच उरत नाही.

विलयकर्ता:
तुमची खरी फट दोघांनीही अजून सांगितली नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट बहुतेक ठिकाणी मालकाकडे जातो. म्हणजे त्या मॉड्यूल्सवर कर्मचाऱ्याने डीसीओ लावला काय किंवा वैयक्तिक सीएलए भरला काय, जे त्याचं नाही ते तो देऊ शकत नाही. अपाची फाउंडेशनच्या वैयक्तिक सीएलएमध्ये यासाठी स्वतंत्र कलम आहे: मालकाची परवानगी मिळालीय, किंवा मालकाने हक्क सोडलाय, किंवा मालकाने कंपनी-सीएलए भरलाय. पण ती कर्मचाऱ्याची हमी झाली. कंपनीने उद्या हात वर केले तर ती हमी कितीशी कामाला येणार?

म्हणून कंपनी-सीएलए घ्या, फक्त या कंपनीकडून. सही करणाऱ्याला कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार हवा; टीम लीडची सही चालेल असं गृहीत धरू नका. सोबत परवानगी असलेल्या कर्मचाऱ्यांची यादी, आणि ती बदलली की कळवायची जबाबदारी कंपनीवर. जुनी मॉड्यूल्सही त्यात येतील असं मजकुरात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर करार सहीच्या तारखेपासून पुढचाच ठरेल.

आणखी एक अडचण, जी सगळ्यांच्या शेवटी लक्षात येते: हक्क घेणार कोण? ‘अमुक प्रकल्प’ ही कायद्याने व्यक्ती नाही. तिघांच्या नावाने घेतलात तर एक जण बाहेर पडल्यावर गुंता. संस्था किंवा फाउंडेशन पाठीशी नसेल तर सीएलए लावण्याआधी हे सोडवा.

कोडकट्टा:
बंद आवृत्तीचा मुद्दा मिटला. पण मूळ लायब्ररीचाच परवाना पुढे बदलायचा झाला तर?

परवानेवाला:
नव्या आवृत्त्यांपुरता बदलता येतो, जुन्या कोडच्या नोंदी ठेवून. रेडिस हा डेटाबेस बीएसडी परवान्यात होता, मार्च २०२४ मध्ये त्यांनी बदल केला. मुभा देणारा परवाना असल्यामुळे वाट मोकळीच होती. हाशीकॉर्प या कंपनीचं वेगळं: त्यांचा एमपीएल २.० परवाना फाइलपुरता का होईना कॉपीलेफ्ट, पण सीएलएमुळे ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना बीएसएल या वापरावर बंधनं घालणाऱ्या परवान्याकडे जाता आलं. दोन्हीकडे जुन्या आवृत्त्यांचे परवाने जिवंत राहिले आणि त्यांवरून फोर्क (वेगळे झालेले प्रकल्प) उभे राहिले: रेडिसचा वाल्की आणि हाशीकॉर्पकडचा ओपनटोफू. सीएलए दिसला की लोक बिचकतात ते यामुळेच. गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबने २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला. जीसीसी या कंपायलर प्रकल्पानेही २०२१ मध्ये कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देण्याची सक्ती काढली.

उलट बाजूही खरी आहे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीला अपाची २.० कडे जायला जुन्या योगदानकर्त्यांना शोधून परवानगी विचारावी लागली, ३.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिथे आजही सीएलए आहे, फक्त किरकोळ दुरुस्तीला कमिट संदेशात ‘सीएलए: ट्रिव्हियल’ लिहून सूट मिळते. तुम्ही सीएलए घेतलात तर ही सूट जरूर उचला, नाहीतर एका अक्षराची चूक सुधारणारा माणूस फॉर्म बघूनच परत जातो.

अर्धविराम:
सह्या तपासणाऱ्या बॉटबद्दल राहिलं. सीएलए असिस्टंट या बॉटमध्ये कराराचा मजकूर गिस्टमध्ये (गिटहबवरच्या छोट्या मजकूर-पानात) असतो आणि तो बदलला की सगळ्यांना पुन्हा सही करावी लागते. तेव्हा स्वल्पविराम सुधारायलाही तिथे हात लावू नका, मजकूर आधीच पक्का करा. कमिटमधला ईमेल कुठल्याच गिटहब खात्याला जोडलेला नसेल तर तपासणी अडकून राहते. त्या माणसाने तो पत्ता खात्यात जोडायचा किंवा कमिटचा लेखक दुरुस्त करायचा. डिपेंडाबॉटसारख्या (आपोआप पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या) बॉटना वगळलेल्यांच्या यादीत टाका. सह्यांची यादी अधूनमधून उतरवून घेऊन त्या वेळच्या मजकुरासोबत जपा, कारण कुणी कुठल्या आवृत्तीवर सही केली तेच नंतर विचारलं जातं.