नायटा, खरूज, कोड: हे शब्द टाकायचे का?

खाडीपलीकडचा, गुहागर
परवा एका तरुण डॉक्टरांनी लिहिलं, की कोकणातले पेशंट ‘नायटा’, ‘खरूज’, ‘चिखल्या’ असले गावठी शब्द घेऊन येतात आणि निदानाचा घोळ होतो. लोकांनी नायट्याला टिनिया, खरजेला स्केबीज, झालंच तर डर्मटायटिस म्हणायला शिकावं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. खरूज म्हटलं की बोटांच्या बेचक्या, रात्रीची खाज, एकाला झाली की घरभर, हे सगळं आमच्या आजीला त्या एका शब्दात कळायचं. खरजेचा बारीक किडा तिने कधी पाहिला नव्हता, पण अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात घालायची. लावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलते, त्या चिखल्या. शब्दातच कारण आहे. डर्मटायटिसमध्ये काय आहे? ग्रीकमध्ये कातडीचा दाह. पेशंट तेच तर सांगत आला होता! आणि एक्झेमा म्हणजे मूळ ग्रीकमध्ये ‘उकळून वर येणं’. बिब्ब्याने कातडीवर फोड उठले की आपण म्हणतो बिब्बा उतला, दूध उतू जातं तसा. मग त्यांचा शब्द शास्त्रीय आणि आमचा गावठी कसा?

सिस्टरताई, चिपळूण
भाऊ, ऐकायला बरं वाटतं. मी बावीस वर्षं ओपीडीत काढली आहेत. ‘नायटा’ म्हणून जे दाखवतात त्यात गजकर्ण, म्हणजे बुरशीचे गोल चट्टे असतात, इसब, म्हणजे तुमचा एक्झेमा असतो, सोरायसिसही असतो. माझ्या सख्ख्या जावेने मेडिकलमध्ये जाऊन ‘नायट्याची ट्यूब द्या’ म्हटलं. मिळाली ती स्टेरॉइड मिसळलेली. चार दिवसांत खाज गेली, लाली गेली, बुरशी मात्र मोकाट. दोन महिन्यांत कमरेपासून मांड्यांपर्यंत पसरलं, आणि गोल कडाच पुसल्या गेल्यामुळे डॉक्टरांनाही पटकन ओळखू येईना. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मिळतातच. शब्द ढिला असला की औषध चुकतं.

खाडीपलीकडचा
जावेबद्दल वाईट वाटलं. पण तिने ‘टिनिया’ म्हटलं असतं तर त्याने दुसरी ट्यूब काढली असती का? दोष विकणाऱ्याचा. नायट्यापेक्षा गजकर्ण नेमकं, एवढं मान्य करतो. तोही मराठीच शब्द आहे.

काजूवाला, वेंगुर्ला
बिब्ब्याचा विषय काढलात म्हणून लिहितो. माझ्या आवशीन वीस वर्सां काजी फोडल्यान. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. बोटं काळी पडलीत, सालं निघतात, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येतं. तीन दवाखाने झाले, तिन्ही कागदांवर ‘एक्झेमा’. बाई, तुम्ही काम काय करता, हे एकानेही विचारलं नाही.

कलमवाला, देवगड
हापूसचा चीक तसाच. देठ तुटताना तोंडावर उडाला की गालावर काळा चट्टा पडतो, आठवडा-आठवडा जात नाही. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, म्हणून एक उतला की पुष्कळदा दुसराही सोसत नाही. आमचे गडी खोबरेल चोपडल्याशिवाय झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, हातात घेत नाहीत.

दापोलीची लेक
आमच्याकडे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावतात. भेगांना तर त्याच्यासारखं काही नाही.

काजूवाला
खोबरेल, मुठेल, राख, सगळं लावून झालं! इथे रोज आठ तास त्या तेलात हात असतात. तेल काय लावायचं ते सांगू नका, कारखानदार हातमोजे का देत नाही ते विचारा.

कलमवाला
माझ्यावर कशाला ओरडता? मी कारखानदार नाही.

काजूवाला
तुमच्यावर नाही. पण आईचे हात बघून कोणीही असाच बोलेल.

दापोलीची लेक
मूळ प्रश्नावर या. आपले शब्द म्हणे चांगले. ‘कोड’ घ्या. माझ्या बहिणीच्या हातावर दोन पांढरे डाग, तेवढ्यावरून ठरलेलं लग्न मोडलं. तिने दुधाबरोबर मासे खाल्ले असतील, असंही ऐकवलं. संसर्ग नाही, जंतू नाही, शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशी मारते. व्हिटिलिगो म्हटलं असतं तर निदान कोणी तोंड फिरवलं नसतं.

सिस्टरताई
आणि कागदोपत्री ‘श्वेतकुष्ठ’ लिहितात, ते त्याहून वाईट. आयुर्वेदात कुष्ठ म्हणजे कातडीचे अठरा विकार, त्यात दद्रू, म्हणजे आपलं गजकर्णसुद्धा येतं. आज कुष्ठ म्हटलं की लोकांना एकच रोग आठवतो. त्याचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये नॉर्वेत शोधला, त्याचा या डागांशी काडीचा संबंध नाही. तो रोगही औषधाने पूर्ण बरा होतो, पण २०१९ पर्यंत घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होता.

खाडीपलीकडचा
श्वेतकुष्ठ आमच्या गावाने नाही केलं, पंडितांनी केलं. पण ‘कोड’ आमचाच, आणि तो लोक शिवीसारखा वापरतात हे मीही ऐकलंय. ठीक आहे, तो सोडतो. ‘पांढरे डाग’ म्हणू. बाकीचे सोडणार नाही.

सिस्टरताई
सोडा असं मी कुठे म्हटलं? नायटा म्हणा, पण कुठे, किती दिवस, आधी काय लावलं, तेही सांगा. काजूवाले भाऊ, आईंना आधी विचारायला हवं होतं तेच कोणी विचारलं नाही, ही चूक आमच्याच लोकांची. ‘एक्झेमा’ खोटं नाही, अपुरं आहे. हात तेलातून निघाल्याशिवाय कुठलंही मलम पुरणार नाही.

काजूवाला
सोमवारी नेतो. कागदावर ‘काजू’ लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.