आधी इलियड की थेट कादंबरी?

होमरच्या इलियड आणि ओडिसी या ग्रीक महाकाव्यांतल्या स्त्रियांच्या बाजूने लिहिलेल्या कादंबऱ्या घेताना प्रश्न पडतो, 'आधी होमर वाचावा लागेल का?' याचं उत्तर कादंबरीगणिक बदलतं. मॅडेलीन मिलरची 'सर्सी' (२०१८) काहीही न वाचता हातात घ्या. ओडिसीतली जादूगारीण सर्सी जन्मापासून सगळं स्वतःच सांगते, त्यामुळे कुठे अडत नाही. नाटली हेन्सची 'अ थाउजंड शिप्स' मात्र पहिली नको. प्रकरणागणिक निवेदिका बदलते, काळही मागेपुढे होतो. ट्रॉयच्या युद्धातली माणसं ओळखीची नसतील तर पन्नास पानांत नावांचा गुंता होतो आणि पुस्तक बाजूला पडतं.

पॅट बार्करच्या 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स'आधी इलियडचे निदान दोन सर्ग वाचाच, पहिला आणि एकोणिसावा. पहिल्यात ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन आपले दूत पाठवून ब्रिसिस या बंदिवान स्त्रीला योद्धा अकिलीसच्या तंबूतून नेववतो, ती एक शब्दही बोलत नाही. एकोणिसाव्यात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून ती विलाप करते. चोवीस सर्गांत तिचं बोलणं एवढंच! बार्कर ते मौन भरून काढते, हे तेव्हाच जाणवतं. तिच्या सैनिकांच्या तोंडी आजची रांगडी इंग्रजी आहे, ती काहींना खटकते. मला ती योग्यच वाटते, छावणी छावणीसारखी वाटते.

मार्गारेट अ‍ॅटवुडची 'पेनेलोपियाड' (२००५), म्हणजे ओडिसियसची बायको पेनेलोपीची गोष्ट, छोटीशी आहे, पण ओडिसीचा बाविसावा सर्ग वाचल्याशिवाय उघडू नका. त्या सर्गात जहाजाच्या दोराला एका रांगेत लटकवलेल्या ओडिसियसच्या घरच्या बारा दासीच इथे कोरस, म्हणजे ग्रीक नाटकातला गायकवृंद, होऊन परत येतात. ओडिसीसाठी एमिली विल्सनचा २०१७चा अनुवाद घ्या, इंग्रजी सोपं आहे.