आरएसव्हीपासून संरक्षण: लस आईला द्यावी की प्रतिपिंडे बाळाला?

शेवंती (धागाकर्ती)
तान्ह्या बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसमागे, म्हणजे फुप्फुसातील बारीक श्वासनलिका सुजण्यामागे, बहुतेक वेळा आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू असतो. २०१९ साली त्याच्यामुळे जगभरात पाच वर्षांखालील सुमारे १,०१,४०० मुले दगावली असा अंदाज आहे. त्यांतील सुमारे ४५,७०० बाळे सहा महिन्यांचीही नव्हती आणि एकूण मृत्यूंपैकी साधारण चौथा हिस्साच रुग्णालयात घडला. मेळघाटातील ९३ आदिवासी गावांत झालेल्या अभ्यासानेही रुग्णालयाबाहेरच्या अशा मृत्यूंकडे लक्ष वेधले होते. बाळ डॉक्टरांपर्यंत पोचतच नसेल, तर संरक्षण त्याच्या जन्माआधी पोचायला हवे. म्हणून गरोदरपणातील लशीला प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे. आईची प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) वारेतून बाळाकडे जातात. १८ देशांत सुमारे ७,४०० गर्भवतींवर झालेल्या चाचणीत बाळांचा पहिल्या ९० दिवसांतील गंभीर आजार ८१.८ टक्क्यांनी घटला.

निंबोणी
आकडा खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. १८० दिवसांचा हिशेब धरला की तो ६९.४ वर येतो. याच चाचणीत मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण लस घेतलेल्यांत ५.७ टक्के, तर न घेतलेल्यांत ४.७ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस नव्हता, हे मान्य. मात्र दुसऱ्या कंपनीच्या तशाच लशीची चाचणी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणाने थांबवावी लागली (६.८ विरुद्ध ४.९ टक्के), आणि तो फरक मुख्यतः अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दिसला. अमेरिकेत ही मान्यताप्राप्त लस गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांतच देतात, ती या सावधगिरीपोटीच. उलट निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन बाळाला एकदाच टोचले की सुमारे पाच महिने पुरते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात २०२३-२४ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक बाळांना ते मिळाले आणि रुग्णालयात दाखल होण्याचा धोका सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला आईच्या लशीचा काय उपयोग?

जुनेपान
दोघांनीही इतिहास विसरू नये. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मेलिन या रसायनाने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस बाळांना दिली गेली. त्यांतील ज्यांना पुढे संसर्ग झाला, त्यांच्यापैकी ८० टक्क्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोघे दगावले. २०२४ मध्येही बाळांवरील एमआरएनए लशीची चाचणी अशाच शंकेने थांबली. त्यापेक्षा उपचारांवर खर्च करावा.

शेवंती
येथे गल्लत होत आहे. त्या दोन्ही चाचण्यांत बाळाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला शिकवायचे होते. आपण बोलतो आहोत तयार प्रतिपिंडांबद्दल, मग ती आईकडून येवोत की कुपीतून. शिवाय विषाणू ज्याच्या मदतीने पेशीत शिरतो, त्या एफ प्रथिनाचे मूळ रूप फॉर्मेलिनने टिकत नव्हते. पेशीत शिरण्यापूर्वीच्या त्या रूपाची रचना २०१३ मध्ये उलगडली आणि आजची लस त्यावरच उभी आहे.

वॉर्डातला
उपचार म्हणजे नेमके काय, हेही सांगायला हवे. या विषाणूवर तान्ह्यांसाठी खात्रीचे औषध नाही. रिबाव्हिरिन कधीचेच मागे पडले. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही, आणि वाफारे वा स्टेरॉइड नेहमीच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये उपयोगी ठरलेले नाहीत, तरी चिठ्ठीवर ती लिहिली जातातच. उरतो तो ऑक्सिजन, नाक साफ करणे आणि दूध पोटात जाईल हे पाहणे. त्यासाठी खर्च करा असे जुनेपान म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे. परंतु प्रतिबंधाऐवजी नव्हे.

निंबोणी
आपल्याकडची एक अडचण अजून कुणी मांडलेली नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते, म्हणजे लशीचे ते पाच आठवडे नेमके गाव बदलण्याच्या काळात येतात. लस सासरच्या आरोग्य केंद्राने द्यायची की माहेरच्या? शिवाय लस आणि प्रसूती यांत किमान दोन आठवडे गेले नाहीत, तर बाळाकडे पुरेशी प्रतिपिंडे पोचत नाहीत.

शेवंती
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दोन्ही मार्गांची शिफारस करून निवड देशांवर सोपवली आहे. मुदतपूर्व बाळांपुरते तुमचे मी मान्य करते. त्यांना प्रतिपिंडेच द्यावी लागतील. माहेरवाशिणीसाठी मात्र मार्ग आहे: धनुर्वाताची नोंद जशी माता-बाल संरक्षण कार्डावर होते, तशी हिचीही करावी, कारण ते कार्ड तिच्याबरोबर माहेरी जातेच.

निंबोणी
कार्ड जाते, कुपी जात नाही. माहेरच्या उपकेंद्रातील शीतपेटीत त्या आठवड्यात ती असेल, याची व्यवस्था आधी दाखवा.