टेक्सासमधील तेल-वायूचे हक्क काकांकडून वारसाने आले आहेत. वारस नोंद कशी करावी आणि हक्क विकावेत का?

अमळनेरकर

नमस्कार मंडळी. माझे धाकटे काका, ज्यांना घरात सगळे नाना म्हणत, १९७४ साली अमळनेरहून अमेरिकेला गेले आणि तिथलेच नागरिक झाले. त्यांचे ह्यूस्टनला निधन झाले, त्याला आता तीन वर्षे होत आली. त्यांनी लग्न केले नव्हते आणि त्यांचे मृत्युपत्र आम्हाला अद्याप सापडलेले नाही. आजी-आजोबा केव्हाच गेले आणि माझे वडीलही २०१५ मध्ये गेले, त्यामुळे आज मागे दोन आत्या, मी आणि माझी बहीण एवढेच आहोत.

नानांच्या ह्यूस्टनमधील मित्रांनी त्यांचे सामान पाठवले, त्यात एका खाकी पाकिटात टेक्सासमधल्या रीव्ह्ज काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १६ एकर जमिनीखालच्या खनिजांपैकी निम्म्या हिश्श्याचे खरेदीखत आणि तेल कंपनीच्या धनादेशांच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला. जमीन एकाची आणि तिच्या पोटातले तेल दुसऱ्याचे, ही गोष्ट समजून घ्यायलाच मला दोन दिवस लागले. प्रत्येक पावतीवर ०.००३१२५ हा एकच आकडा छापलेला आहे. निधनानंतर धनादेश येणे थांबले आहे.

गेल्या महिन्यात त्याच मित्रांनी आणखी एक पत्र पुढे पाठवले. एका खरेदीदार कंपनीने सर्व हक्क एकरकमी घेण्याची तयारी दाखवली असून, सोबत तयार खरेदीखत आणि ३० दिवसांनी वटणारा ड्राफ्ट जोडला आहे. आत्यांचे म्हणणे असे की, इतक्या लांबचे झेंगट सांभाळण्यापेक्षा पैसे घेऊन मोकळे व्हावे. वडिलांच्या पश्चात शेतीची वारस नोंद तलाठ्यांनी केली होती, तसे इथल्या न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र तिकडे चालेल का, विकणे योग्य ठरेल का आणि कराचे काय, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चोपडेकर, मुक्काम ह्यूस्टन

दादा, नानांच्या निधनाबद्दल वाईट वाटले. सर्वांत आधी एक विनंती आहे की, त्या खरेदीखतावर कोणीही सही करू नये आणि ड्राफ्ट बँकेत भरू नये. त्या पत्रातली ३० दिवसांची मुदत ही बहुतेक वेळा खरेदीदाराने स्वतःसाठी ठेवलेली सवड असते. तेवढ्या काळात तो तुमची कागदपत्रे तपासतो आणि व्यवहार पटला नाही तर ड्राफ्ट परत करतो, पण सही केलेले खत दरम्यान त्याच्याकडे गेलेले असते.

आपल्याकडे जमिनीखालचे तेल शेतकऱ्याचे नसते, म्हणून हा सगळा प्रकार नवखा वाटतो. बाडमेरच्या मंगला क्षेत्रातून २००९ पासून तेल निघते, पण त्याची रॉयल्टी राजस्थान सरकारला जाते. जमीनधारकाला मिळते ती जमिनीची भरपाई. टेक्सासमध्ये मात्र खनिजांची मालकी पृष्ठभागापासून वेगळी काढून विकता येते, आणि ती घर-जमिनीसारखीच स्थावर मालमत्ता मानली जाते. याच कारणामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. स्थावर मालमत्ता जिथे असते तिथलाच वारसा कायदा तिला लागू होतो, त्यामुळे इथे आपला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा चालत नाही आणि अमळनेरच्या न्यायालयाचे प्रमाणपत्र रीव्ह्ज काउंटीत मालकी सिद्ध करणार नाही.

मृत्युपत्र नसेल, पत्नी, मुले आणि आई-वडीलही नसतील, तर टेक्सासच्या कायद्यानुसार मालमत्ता भावंडांकडे जाते आणि आधी वारलेल्या भावाचा वाटा त्याच्या मुलांकडे येतो. सोळा आणे धरले तर प्रत्येक आत्यांना ५ आणे ४ पै आणि तुम्हा भावंडांना प्रत्येकी २ आणे ८ पै, अशी आणेवारी होते. पावतीवरचा तो आकडाही आणेवारीच आहे. १६ एकरांचा निम्मा म्हणजे निव्वळ ८ एकर. विहिरीचे युनिट, म्हणजे तिच्यासाठी एकत्र धरलेले क्षेत्र, ६४० एकरांचे असेल तर ८ भागिले ६४० म्हणजे ०.०१२५, आणि तेल कंपनीशी झालेल्या करारात खनिजमालकाचा वाटा पावभाग असेल तर त्याचे होतात बरोबर ०.००३१२५. खरेदीखत आणि पावती यांचा असा तंतोतंत मेळ बसणे ही फार चांगली गोष्ट आहे. तुमच्या स्वतःच्या नावावर त्याचा सहावा भाग, म्हणजे साधारण ०.०००५२०८ येईल. समजा, त्या युनिटमधून महिन्याला १२,००० बॅरल तेल निघाले आणि भाव ७० डॉलर मिळाला, तर कर कापण्यापूर्वी तुमचे सुमारे ४३७ डॉलर होतात. त्यातून राज्याचा उत्पादन कर, तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के, आधीच वजा होतो.

आता वारस नोंदीबद्दल. इथे तलाठी नाहीत आणि कोणी आपणहून फेरफार करत नाही. कागद वारसांनीच काउंटी क्लार्कच्या दप्तरात दाखल करावा लागतो. मृत्युपत्र नसताना वारसाहक्काचे शपथपत्र दाखल करण्याची रीत आहे. नानांना आणि कुटुंबाला ओळखणारे, पण मालमत्तेत कसलाही हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार त्यात संपूर्ण वंशावळ शपथेवर सांगतात. अनेक कंपन्या एवढ्यावर थकीत पैसे सोडतात, काही मात्र न्यायालयाचा वारस ठरवणारा आदेश मागतात, म्हणून कंपनीच्या मालकी विभागाला आधी पत्राने विचारावे. भारतात केलेल्या सह्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात नोटरी करून घ्याव्यात, किंवा भारतातच नोटरी करून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा दाखला, घ्यावा.

मृत्युपत्राचा शोध मात्र आजपासूनच घ्या. टेक्सासमध्ये ते न्यायालयात दाखल करण्याची सर्वसाधारण मुदत निधनापासून चार वर्षांची आहे, आणि तुमची तीन संपत आली आहेत.

थांबलेले पैसे बुडालेले नाहीत. मालकी स्पष्ट होईपर्यंत कंपनी ते अनामत ठेवते, आणि तीन वर्षे कोणी दावा केला नाही तर ते राज्याच्या कम्प्ट्रोलर कार्यालयाकडे बेवारस रक्कम म्हणून जमा होतात. तिथे नानांच्या नावाने विनामूल्य शोध घेता येतो आणि दाव्याला मुदत नसते. उलट एक देणे वाढत असू शकते: उत्पादन चालू असलेल्या खनिजहक्कांवर काउंटी दरवर्षी घरपट्टीसारखा मालमत्ता कर आकारते. तो थकला असेल तर आधी भरून टाका.

धुळ्याची करसल्लागार

दादा, चोपडेकर भाऊंनी मालकीची बाजू पूर्ण सांगितली आहे, म्हणून मी फक्त करावर लिहिते.

परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाने आलेली तिथली स्थावर मालमत्ता भारतातील रहिवाशाने स्वतःकडे ठेवायला फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याची आडकाठी नाही. वारसा मिळणे हे आपल्याकडे उत्पन्न धरले जात नाही आणि १९८५ पासून मृत्युकरही नाही. मात्र त्या हक्कांपासून येणारी रॉयल्टी हे तुमचे करपात्र उत्पन्न आहे, आणि ते हक्क विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी दाखवणे बंधनकारक आहे. रक्कम किरकोळ आहे म्हणून हे टाळणाऱ्यांना मी पाहिले आहे; २०१५ च्या काळा पैसा कायद्यात यासाठी १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे, हे कृपया चारही वारसांनी लक्षात ठेवावे.

अमेरिकेत अनिवासी परकीयाच्या रॉयल्टीवर ढोबळ रकमेच्या ३० टक्के कर मुळातच कापला जातो. त्याऐवजी निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडता येतो. मग मालमत्ता कर आणि साठा घटत जाण्यापोटी मिळणारी वजावट, जी बहुतेक लहान मालकांना ढोबळ रॉयल्टीच्या १५ टक्के मिळते, वजा करता येते. त्यासाठी प्रत्येक वारसाला अमेरिकी करदाता क्रमांक काढावा लागेल आणि तिथे विवरणपत्र भरावे लागेल. तिथे भरलेल्या कराची सवलत भारतातील करात मिळते, म्हणून कपातीचा प्रत्येक कागद जपून ठेवावा.

विक्रीचा विचार पक्का झाला तरी त्याआधी निधनाच्या तारखेचे मूल्यांकन करून घ्या. अमेरिकी कायद्यात वारसाची मूळ किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, त्यामुळे नफा पुष्कळ कमी दिसतो. परकीय विक्रेत्याच्या किमतीतून खरेदीदाराने १५ टक्के रक्कम कापून सरकारकडे भरायची असते, आणि ती जास्त कापली गेली असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येते.

यावलकर

मी सल्लागार नाही, केळी उत्पादक शेतकरी आहे, पण अशा प्रकरणात आमचे नुकसान झाले म्हणून मनापासून लिहितो आहे. माझ्या पत्नीला तिच्या मामांकडून ओक्लाहोमातील हक्कांचा लहानसा वाटा आला होता. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला आणि आम्ही घाबरलो. त्याच सुमारास आलेल्या एका खरेदीदाराच्या पत्रावर, जे काही मिळते आहे ते पदरात पाडून घ्यावे म्हणून, पत्नीने सही केली. पत्रात एकाच तुकड्याचे वर्णन होते, पण खताच्या तिसऱ्या पानावर ‘त्या काउंटीतील विक्रेत्याचे अन्य सर्व हक्क’ अशी एक ओळ होती. मामांचा दुसरा तुकडाही त्याच काउंटीत होता, हे आम्हाला एक वर्षाने कळले. वकिलांनी सांगितले की, खत स्पष्ट आहे. आजही ती ओळ आठवली की पत्नीला रात्री झोप लागत नाही.

म्हणून दादा, तुमच्याकडे आलेल्या खतातील प्रत्येक ओळ टेक्सासच्याच वकिलांकडून वाचून घ्या. आपण केळीचा सौदा करतानाही दोन-तीन व्यापाऱ्यांना बाग दाखवतो. इथे तर माल डोळ्यांना दिसतही नाही.

अमळनेरकर

ताई, चोपडेकर भाऊ आणि यावलकर दादा, आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दोन्ही आत्यांना आणि बहिणीला एकत्र बसवून हे सर्व वाचून दाखवले. यावलकर दादांचा अनुभव ऐकल्यावर थोरल्या आत्यांनी स्वतःच खताचे कागद मागून घेतले आणि कपाटात ठेवले. आमच्या खतातही ‘अन्य सर्व हक्क’ ही ओळ आहे.

एक शंका उरते. आता कंपनीशी नवा करार करावा लागेल का? आणि ठेवायचेच ठरवले तर उत्पन्न किती वर्षे चालेल, याचा अंदाज कसा घ्यावा?

चोपडेकर, मुक्काम ह्यूस्टन

विहीर चालू आहे तोवर जुना करार जिवंत राहतो, त्यामुळे नव्या कराराची गरज नाही. मालकी मान्य झाल्यावर कंपनी हिस्सा-निश्चितीचा एक कागद सहीसाठी पाठवील; त्यातला तुमचा दशांश आकडा वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. टेक्सासमध्ये त्या कागदाने मूळ करार बदलत नाही, तरीही मूळ कराराची प्रत काउंटीतून मागवून ठेवा. विशेषतः वाहतूक आणि शुद्धीकरणाचा खर्च मालकाच्या वाट्यातून कापता येतो का, हे वाचा. बटाईत तोडणीचा खर्च वाटणीआधी काढायचा की नंतर, यावरून आपल्याकडे जसे वाद होतात, तसेच इथेही होतात.

आडव्या विहिरीचे, म्हणजे खोलवर गेल्यावर आडव्या खोदलेल्या विहिरीचे, उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू घटत राहते. म्हणून निव्वळ चालू विहिरीकडे पाहून किंमत ठरवू नका. त्याच युनिटमध्ये नव्या विहिरींचे परवाने निघाले आहेत का, हे टेक्सास रेलरोड कमिशनच्या नकाशावर कोणालाही पाहता येते. १८९१ मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालेली ही संस्था आज राज्यातील तेल-वायूचे नियमन करते. माझे मत विचाराल तर, नोंद पूर्ण होऊन वर्षभराच्या पावत्या हाती येईपर्यंत विकू नये. आत्यांना पैशांची तातडीची निकड असेल तर त्या आपला वाटा स्वतंत्रपणे विकू शकतात. बाकीच्यांनीही विकलेच पाहिजे असे नाही.

अमळनेरकर

निकड कोणालाच नाही, त्यामुळे आम्ही थांबतो आहोत. आजी-आजोबांपासूनचे कुटुंब ओळखणारे नानांचे शाळेतील वर्गमित्र इथे साक्षीदार व्हायला तयार झाले आहेत, आणि नानांनी लग्न केले नव्हते हे सांगू शकणारे दुसरे साक्षीदार म्हणजे ह्यूस्टनचे तेच मित्र. नानांचा एखादा बँक लॉकर होता का, असेही त्यांना विचारले आहे. मृत्युपत्राबद्दल काही हाती लागले तर इथेच कळवीन.