प्रती हलवायच्या तर आधी वाचनालयं गाठा

स्वतः छापलेल्या पुस्तकाच्या प्रती कशा खपवायच्या, या प्रश्नावर इथे दोघांनी फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करायला सांगितलंय. करा हवं तर, पण आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्वतः छापलेलं पुस्तक त्याने फारसं हलत नाही. माझ्या जास्तीत जास्त प्रती गेल्या त्या वाचनालयांत. कोकणात ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं.

शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो. मार्चअखेरीच्या गडबडीत जाऊ नका, त्याआधीच भेटा. आणि सोबत बिल हवंच: नाव, छापील किंमत, सवलत, निव्वळ रक्कम, खाली सही. कोऱ्या कागदावर "दोन पुस्तके" लिहून दिलंत तर ग्रंथपाल दाखल नोंदवहीत (आलेल्या पुस्तकांच्या वहीत) चढवणार काय? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला नसेल तर तो देणाऱ्या सरकारी राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करा. तो फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाला वाटेला लावा.

गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा स्टॉल वगैरे मांडू नका, आरत्यांच्या धांदलीत तिकडे कोण फिरकतंय! त्यापेक्षा दुपारी जेवणं उरकून मंडळी पडवीत लवंडली की त्यांच्याच वाडीचं वर्णन असलेलं एखादं पान वाचून दाखवा. "हा आमचा व्हाळ (ओढा) की काय?" असं कुणी विचारलं की प्रत खपलीच म्हणायची. मुंबईला परतताना शेजाऱ्यासाठी आणखी एक नेणारेही भेटतात.

नातेवाइकांना मात्र सरसकट फुकट वाटू नका. अर्धे उघडतसुद्धा नाहीत.