अनुभव धागा: साक्ष द्यायची, पण भीड ठेवून

बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) लिहिलंय की तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि भीडस्तपणाने द्या. लहानपणी हा 'भीडस्तपणा' मला खटकायचा. आमच्या घरी भिडस्त म्हणजे दुसऱ्यांदा पोहे न मागणारा पाहुणा! साक्ष, म्हणजे येशूने आपल्याला तारलं ही गोष्ट, अशी कशी सांगायची? इंदूरच्या मराठी मंडळींनो, तुम्ही काय केलंत, कुठे चुकलात ते लिहा. उपदेश नको, प्रसंग हवेत. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहावं.

माझ्यापासून सुरुवात करतो. स्नेहलतागंजमध्ये आमच्या शेजारी दीड दिवसाचा गणपती बसतो. आरतीला मी दारात उभा असतो, हात जोडत नाही. पहिल्या वर्षी प्रसादाची वाटी पुढे आली तेव्हा "पोट बिघडलंय" म्हणालो. खोटं बोललो, आणि काकूंनी रात्री ओव्याचं पाणी पाठवलं. ते पिताना इतकी लाज वाटली की सकाळी जाऊन खरं सांगितलं, "काकू, माझा विश्वास येशूवर आहे, देवाला दाखवलेलं मी खात नाही. तुमचा अपमान करायचा नव्हता." काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. पुढच्या वर्षी नैवेद्याआधीच काढलेले दोन मोदक झाकून ठेवलेले, वर तुपाची धार. "हे दाखवलेले नाहीत हो, खा." गेली अकरा वर्षं हेच चाललंय.

वॉर्डातली सिस्टर
माझी चूकच सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष, अंगात जोश. सलाइन लावलेल्या एका आजोबांच्या उशाशी बसून मी अर्धा तास प्रभूची साक्ष दिली. ते मान हलवत होते. आमच्या मोठ्या सिस्टर, त्याही ख्रिस्तीच, मला बाहेर घेऊन गेल्या. "त्यांच्या हाताला सुई आहे. उठून जाता येत नाही त्यांना. तू कोणाला सांगत होतीस?" सक्तीने किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्धचा कायदा मध्य प्रदेशात १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये नवा, अधिक कडक आला, तो आम्हा सगळ्यांना ठाऊक असतो. पण मी गप्प झाले ती त्या सुईमुळे. आता पेशंटसाठी मनात प्रार्थना करते. घरी जाताना कोणी "सिस्टर, तुम्ही चिडत कशा नाही?" विचारलं तर सांगते. (चिडते, नवऱ्याला विचारा.)

होस्टेलवाला
व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राशी रात्री दोनपर्यंत वाद घातला. मुद्द्यांत मी जिंकलो. तो अजून बोलत नाही. बस, एवढंच.

रामबागेतला भजनी
मी ख्रिस्ती नाही, विठ्ठलाचा माणूस. फिरायला बरोबर असणारा मित्र मात्र पक्का चर्चवाला. एकदा छप्पन दुकानला पोहे-जलेबी खाताना सरळ विचारलं, "येशूवाचून तरणोपाय नाही असं तुला खरंच वाटतं?" त्याने चमचा खाली ठेवला. "हो, वाटतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?" मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण "सगळे देव एकच" म्हणून त्याने मला गोंजारलं असतं, तर पुढे मी काहीच विचारलं नसतं. मग त्यानेच कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणायचे. मी म्हटलं, "आम्ही पुलावरच राहतो, हवा चांगली आहे." तो खो खो हसला. जलेबीचे पैसे त्यानेच दिले. आता त्यांच्या उपासनेत टिळकांचं भजन असलं की टाळ माझे असतात. त्यानंतरच्या प्रार्थनेला मी डोळे मिटत नाही, आणि कोणी मिटायला सांगतही नाही.

नेहमीचा शंकेखोर
धागा काढणाऱ्यांना प्रश्न: करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, आठव्या अध्यायात, प्रेषित पौल मूर्ती म्हणजे काहीच नाही असं म्हणतो. मी बिनधास्त प्रसाद खातो. तुमचं काय अडतं?

धागाकर्ता
त्याच अध्यायात, ज्याचं मन ते खायला धजत नाही त्याला ओढू नका असंही आहे. तुम्ही खा, मी तुम्हाला कमी विश्वासाचे म्हणणार नाही. फक्त आमच्या काकूंना हे वाचून दाखवू नका. माझे दोन मोदक बुडतील.